मार्खा व्हॅलीला सोलापूरहून १४ जण जायचंय, गावाला भार न होता कसं जायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. सोलापुरात सकाळी चालायला जाणारा एक ग्रुप आहे, त्यातले १४ जण, वय तिशीपासून साठीपर्यंत, ऑगस्टमध्ये लडाखच्या मार्खा व्हॅलीचा ट्रेक करायचा म्हणतेत. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून ८ दिवस निघतेत. कंपनीकडनं जावं का डायरेक्ट तिथल्या गावच्या लोकांना धरून जावं, तिकडच्या पोरांना वह्या, चॉकलेटं, जुने कपडे न्यावेत का, आणि जबाबदारीनं ट्रेक करायचा म्हणजे आपला कचरा परत आणायचा एवढंच का अजून काही असतंय, असं विचारलंय.

बरीच वर्षं इथनं लोकांना हिमालयात घेऊन जातोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिलं दिवसांचं बोलू, बाकी सगळं त्यावर ठरतंय. ८ दिवसात हा ट्रेक होत नाही. कागदावर बसवून देणारे भेटतील तुम्हाला, पण बघा की, सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर, आणि तुम्ही दिल्लीत विमानात बसणार आणि दीड तासात तिथं उतरणार. लेहमध्ये हवेचा दाब आपल्याकडच्यापेक्षा एक तृतीयांशानं कमी असतोय, आणि कोंगमारू ला, म्हणजे या ट्रेकची सगळ्यात उंच खिंड, ५२०० मीटरच्या आसपास, तिथं तर निम्म्याच्या जरा वर. शरीराला याची सवय व्हायला वेळच द्यावा लागतो, त्याला तुमचा फिटनेस, रोजचं दहा किलोमीटर चालणं, मॅरेथॉनचं मेडल यातलं काही चालत नाही. जगभरातले डॉक्टर सांगतेत ती साधी पद्धत अशी की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं.

आता हे मार्खाला लावून बघा. लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण आराम, आराम म्हणजे खारदुंग ला, ती लेहजवळची उंच खिंड, बघून येऊ असलं काही नाही, मार्केटपर्यंत हळूहळू चालणं फक्त. मग चिलिंगवरून स्क्यूला मुक्काम, मग सारा किंवा मार्खा गाव, मग हांकर जे ४००० मीटरच्या आसपास आहे. इथपर्यंत चढ हळूहळू आहे. पण हांकरवरून निमालिंगला एकदम गेलात तर एका दिवसात सातशे मीटरपेक्षा जास्त वाढतेत आणि नेमकं इथंच लोक पडतेत, रात्रभर डोकेदुखी, उलट्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिंड चढायचीय. म्हणून हांकरला एक दिवस जादा थांबा, किंवा मधे थचुंगत्सेला तंबूत एक रात्र काढा. शिवाय एक दिवस राखीव, पावसानं नदी वाढली, कुणी आजारी पडलं, गाडी आली नाही यासाठी. घर ते घर धरून दोन आठवडे लागतात. तेवढे नसतील तर मार्खाचा पूर्ण ट्रेक सोडा, लेहमध्ये आराम करून रुंबक गावात तीन-चार दिवस राहा आणि आजूबाजूला हिंडा, मी तर म्हणतो साठीच्या लोकांना तेच जास्त आवडेल.

जायचं कसं त्याचंही सांगतो. वेळ असेल तर विमानानं थेट लेहला उतरू नका. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथनं श्रीनगर, आणि श्रीनगरहून कारगिलमार्गे रस्त्यानं लेह. कारगिल २७०० मीटरच्या आसपास आहे, तिथं एक मुक्काम पडला की शरीराला एक पायरी मिळते. मनालीचा रस्ता फेमस आहे पण येताना वापरा, जाताना नको, त्या रस्त्यावर सरचूला ४२०० मीटरच्या वर झोपावं लागतंय आणि खालून नुकत्याच आलेल्या माणसाला ते फार होतं.

तुम्ही म्हणाल विचारलं गावाबद्दल आणि हा माणूस उंचीच्या आजाराबद्दल बोलायलाय. पण हे दोन्ही एकच आहे हो. घाईत आलेला ग्रुप गावात संध्याकाळी पोचतो, आल्या आल्या गरम पाणी मागतो, कुणाला तरी उलट्या होतेत म्हणून घरातल्या बाईची अर्धी रात्र आपल्यात जाते, सकाळी पॅक लंच घेऊन निघून जातो. आणि माणूस जास्तच बिघडला तर त्याला घोड्यावर घालून खाली आणणारे कोण, त्याच गावातले लोक, शेतातलं काम टाकून. दोन दिवस जादा राहिलात तर तुमची तब्येत पण नीट राहते आणि तेवढ्या रात्रींचे पैसे लेहच्या हॉटेलात न जाता मार्खात, हांकरमध्ये राहतेत.

होमस्टेचा विषय नीट समजून घ्या, कारण ते नुसतं स्वस्तातलं लॉज नाही. हा सगळा भाग हेमिस नॅशनल पार्कमध्ये येतो, ४४०० चौरस किलोमीटरचं भारतातलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, आणि हिमबिबट्याचं घर. हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या गोठ्यात शिरला की एक मेंढी उचलून जात नाही, आत कोंडलेली जनावरं घाबरून पळतेत आणि तो एकामागून एक मारत सुटतो, एका रात्रीत एका घराचं वर्षभराचं उत्पन्न संपतंय. मग लोक चिडून बिबट्याला मारायचे, आणि कुणी मारायचं? ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच. २००२ च्या सुमारास तिथं गावातल्या घरांमध्येच ट्रेकर ठेवायला सुरुवात झाली, बऱ्याच गावात घरांची पाळी लावलेली असते म्हणजे एकाच घराला सगळे पाहुणे मिळू नयेत, आणि गोठ्यांना वरून जाळी बसवून दिली. जो प्राणी शत्रू होता त्याला बघायला लोक यायला लागले आणि पैसे थेट घरातल्या बाईच्या हातात पडायला लागले. त्यामुळं पाळीनं जे घर येईल तिथं राहायचं. तुम्हाला शेजारच्या घराची खिडकी जास्त चांगली दिसली म्हणून तिकडं जाऊ म्हणायचं नाही. दर गावानं ठरवलेला असतो, त्यात घासाघीस करू नका. नव्या पेठेत साडी घेताना भाव करता तसं इथं करायचं नसतंय. रोख पैसे लेहमध्येच काढून सुटे करून न्या, खोऱ्यात एटीएम नाही.

आता १४ जण. हा आकडा मला खटकतो. मोजक्या घरांची गावं आहेत ती, एका घरात चार-पाच पाहुणे म्हणजे भरपूर, १४ आले की घरचे लोक स्वतःची खोली रिकामी करून स्वयंपाकघरात झोपतेत आणि तुम्हाला सांगणार पण नाहीत. सात-सात चे दोन गट करा, दुसरा गट एक दिवस मागून. सगळे एकत्र पाहिजे ही आपली हौस आहे हे मला माहितीय, पण लेहमध्ये आधी आणि नंतर सगळे एकत्रच आहात की.

जेवणाचं. जे घरात शिजतंय ते खायचं. थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप, स्क्यू (गाव नव्हे, कणकेच्या तुकड्यांचा रस्सा), मोमो, भात-डाळ, जाड खमीर रोटी, मिठाचा लोणी घातलेला चहा. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिकडं शेतीचा ऐन हंगाम, बार्लीच्या काढणीची तयारी असते, घरातली बाई दिवसभर शेतात राबून येऊन तुमचा स्वयंपाक करते, तिला पोहे करा, पुरी करा म्हणू नका. आपलं वाटेतलं खाणं सोलापुरातनंच न्या, यासारखी सोय कुठल्याच गावाला नाही! कडक भाकरी, शेंगा चटणी, दोन्ही महिनाभर टिकतेत, हलकी आहेत, शिजवायला लागत नाहीत, आणि कापडाच्या पिशवीत बांधून नेली तर एक पण प्लास्टिकचा कागद होत नाही. एनर्जी बारच्या चांद्या वाऱ्यानं उडून चार-चार किलोमीटर जातेत तिथं. येताना यजमानांच्या घरी शेंगा चटणीचा एक डबा भेट द्या, फार आवडीनं खातेत.

पाण्याबद्दल सोलापूरच्या माणसाला मी काय सांगायचं. उजनी भरलं तरी नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आलेलं आपण बघितलंय, पिंपं भरून ठेवून वाढलो आपण. पण लेहला वर्षभरात पाऊस पडतो साधारण १०० मिलिमीटर. आपण स्वतःला दुष्काळी म्हणतो, आपल्याकडं त्याच्या पाच-सहा पट पडतो. तिकडची शेती, पिणं, जनावरं सगळं वरच्या बर्फाच्या वितळण्यावर. त्यामुळं रोज आंघोळीची बादली मागणं बंद, ओल्या टॉवेलनं अंग पुसायचं. साबण, शाम्पू घेऊन ओढ्यात उतरायचं नाही, तोच ओढा खालच्या गावाला प्यायला जातो. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, होमस्टेत उकळलेलं पाणी मिळतंय, दोन लिटरची स्टीलची किंवा जाड बाटली न्या आणि तीच भरत राहा.

संडास. लोक लाजतेत विचारायला म्हणून स्पष्ट लिहितो. लडाखी संडास कोरडा असतो, वरच्या मजल्यावर भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. झालं की एक-दोन फावडी माती टाकायची, पाणी कमीत कमी. खाली जे साठतं त्याचं खत होऊन त्यांच्याच शेतात जातं, त्यामुळं त्यात वाइप्स, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक यातलं काहीही पडता कामा नये, ते सगळं वेगळ्या पिशवीत लेहपर्यंत परत आणायचं. वाटेत लागली तर पाण्यापासून निदान साठ मीटर लांब जायचं, वीतभर खोल खड्डा, परत बुजवायचा. आणि टिश्यू पेपर पुरून यायचा नाही, एवढ्या थंड कोरड्या हवेत तो वर्षानुवर्षं कुजत नाही, पुढच्या वाऱ्यात वर येतो.

स्टोक कांगरीचं काय झालं ते यासाठीच माहीत पाहिजे. ६१५३ मीटरचं शिखर, लेहजवळ, फार टेक्निकल नाही, म्हणून सगळे तिकडंच. बेस कॅम्पवर एवढी गर्दी आणि घाण झाली की खालच्या स्टोक गावाचं पाणी नासायला लागलं. २०२० पासून ते चढाईला बंद आहे. अजून पण कुणी तरी विचारतंच, गुपचूप जाता येईल का. नाही, आणि असं नेतो म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्याबरोबर दुसरीकडं पण जाऊ नका.

अशी गावानं किंवा सरकारनं घातलेली बंधनं हिमालयात सगळीकडं दिसतील आणि प्रत्येकामागं काहीतरी घडलेलं असतंय. सिक्कीममध्ये लाचेन गावाची झुम्सा म्हणजे त्यांची जुनी गावपंचायत, त्यांनी प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या गावात बंद केल्या, आणि सिक्कीम सरकारनं २०२२ पासून राज्यभर बंदी आणली ती नंतर. सिक्कीममध्येच युकसम गावात गोएचाला ट्रेकला जाण्याआधी तुमच्याकडचं प्लास्टिक, पाकिटं लिहून घेतेत आणि परत येताना तेवढं दाखवावं लागतं. नेपाळात अन्नपूर्णा भागात १९८६ पासून प्रवेश फीचा पैसा तिथल्याच गावांच्या कामाला लावायची पद्धत सुरू झाली आणि वरच्या भागात लाकूड जाळणं बंद करून लॉजवाल्यांना रॉकेल, गॅस वापरायला लावला. उत्तराखंडात हायकोर्टानं २०१८ मध्ये बुग्यालात, म्हणजे त्या उंचावरच्या कुरणात, रात्रीचा मुक्कामच बंद केला.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उत्तराखंडातल्याच लाता गावाचं. नंदादेवीचा भाग १९८२ मध्ये नॅशनल पार्क झाला, आत जाणं बंद. खालच्या लाता, रेणी गावच्या भोटिया लोकांची चराई गेली आणि गिर्यारोहकांबरोबर मिळणारं गाईड, पोर्टरचं काम पण गेलं. ही रेणी म्हणजे तीच, जिथं १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं. जंगल वाचवणाऱ्यांनाच जंगलाच्या बाहेर काढल्यासारखं झालं ते. मग ऑक्टोबर २००१ मध्ये लाताच्या ग्रामसभेनं एक जाहीरनामा केला की इथं पर्यटन येईल ते गावाच्या अटीवर येईल, बाहेरच्यांची मक्तेदारी चालणार नाही, बायकांना आणि गरिबांना आधी काम मिळालं पाहिजे. ट्रेक कुणाकडनं बुक करायचा हे ठरवताना मी अजून पण याच अटी डोक्यात ठेवतो.

म्हणजे कंपनी का डायरेक्ट, याचं उत्तर. पुण्या-मुंबईची, दिल्लीची कंपनी वाईटच असते असं नाही. पण तिला फोन करून विचारा की गाईड कोणत्या गावचा, घोडे कुणाचे, होमस्टेला एका माणसामागं किती पैसे देता, घोडेवाले आणि स्वयंपाकी रात्री कुठं झोपतेत, त्यांचा विमा आहे का, कचरा लेहपर्यंत परत येतो का. नीट उत्तर देणारी असेल तर जावा. गोलगोल बोलली तर सोडा. तुमच्यासाठी मी सुचवेन ते असं की लेहमधल्या स्थानिक माणसाची छोटी एजन्सी धरा, प्रत्येक गटाला त्या खोऱ्यातलाच एक गाईड आणि सामानाला तिथलेच घोडे. गाईडशिवाय जाऊ नका, वाट सोपी आहे, व्हिडिओत सगळे एकटे चालताना दिसतेत ते खरं आहे, पण नदी कुठं ओलांडायची हे दर आठवड्याला बदलतं. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं म्हणून ओढे सकाळी लवकर ओलांडायचे असतेत. खोऱ्यात रस्त्याचं काम पण चाललंय, कुठपर्यंत गाडी आणि कुठनं चालायचं हे तिथलाच माणूस सांगू शकतो.

सामान वाहणाऱ्या माणसांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १९९७ मध्ये नेपाळात एक पोर्टर उंचीच्या आजारानं गेला आणि त्यानंतर पोर्टरांच्या सुरक्षेसाठी एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. त्यांचं म्हणणं साधं आहे: पोर्टरला आपल्यासारखेच गरम कपडे, झोपायला आडोसा, आपल्यासारखंच औषधपाणी, आणि आजारी पोर्टरला पैसे देऊन एकट्याला खाली पाठवायचं नाही, बरोबर माणूस द्यायचा. ओझ्याची त्यांची मर्यादा नेपाळसाठी ३० किलो आहे, मला ती पण जास्त वाटते, मी वीसच्या वर देत नाही. लोकांना वाटतं डोंगरातल्या माणसाला उंची लागत नाही. लागते. खालच्या गावातनं किंवा दुसऱ्या राज्यातनं कामाला आलेल्या पोराला तर आपल्याइतकीच लागते.

तब्येतीचं उरलेलं. साठीच्या जवळच्यांनी आणि बीपी, शुगर, दम्याची गोळी चालू असलेल्यांनी महिनाभर आधी डॉक्टरला भेटायचं, ट्रेक किती उंचीचा आहे ते सांगून. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, किती घ्यायची हे पण त्यांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. डोकं दुखतंय, भूक नाही, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातनं फेस आला, सरळ रेषेत चालता येईना, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर रात्र असो का पाऊस असो, लगेच खाली. हे सगळ्या १४ जणांना पाठ पाहिजे, कारण ज्याला होतं तो मला काही झालं नाही असंच म्हणत असतोय.

आणि हवामानापुढं तारीख धरून बसायचं नाही. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच तेलुगू घरांचे नातेवाईक तिकडं आंध्र-तेलंगणात असतेत, आठवत असेल. त्याच वादळाचा उरलेला जोर दोन दिवसात नेपाळात पोचला आणि थोरोंग ला खिंडीत आणि आसपासच्या डोंगरात एवढा बर्फ पडला की ट्रेकर, गाईड, पोर्टर मिळून ४० च्या वर माणसं गेली. राखीव दिवस मागतो तो यासाठी.

फोनचं लक्षात ठेवा, बाहेरचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, दोघा-तिघांनी तरी पोस्टपेड न्या, खोऱ्यात तसंही रेंजचा भरवसा नाही. परदेशातनं मागवलेलं सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय नेऊ नका, आपल्याकडं ते बेकायदेशीर आहे आणि एअरपोर्टवर अटक झालेल्या केस आहेत.

वह्या, चॉकलेटं, कपडे. चॉकलेटं अजिबात नको. दातांचा डॉक्टर दिवसाच्या अंतरावर, आणि पोरं प्रत्येक ट्रेकरमागं हात पसरून पळायला लागतेत, काही वाटांवर झालंय हे. जुने कपडे पण नको, तिकडच्या थंडीत आपल्या सोलापुरी कपड्यांचा उपयोग शून्य आणि शेवटी ते जाळावे लागतेत. काही द्यायचंच असेल तर गावाच्या गोबाला, म्हणजे तिथल्या पाटलाला, आधी विचारा शाळेला काय कमी आहे, आणि ते लेहच्या दुकानातनं घेऊन त्याच्या हाती द्या. फोटो काढताना विचारायचं, म्हाताऱ्या माणसांचा तर नक्कीच. वाटेत दगडांवर मंत्र कोरलेल्या लांब भिंती लागतेत, मणी वॉल म्हणतेत, त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढं जायचं आणि त्यातला दगड उचलायचा नाही.

तयारी आत्तापासून सुरू करा. सपाट रस्त्यावरचं चालणं पुरत नाही, पाच-सहा मजली बिल्डिंगचा जिना शोधा आणि पाठीवर सहा-सात किलो घेऊन आठवड्यातनं तीन दिवस चढ-उतार करा, उतरायची सवय जास्त महत्त्वाची, कोंगमारू लाच्या पलीकडचा उतार गुडघे काढतो. ऊन वाढलं की पहाटेच करा.

तारखेचं मात्र पुन्हा बघा. ऑगस्टमध्ये ओढ्यांना पाणी जास्त आणि ढगफुटीची भीती, लेहला २०१० मध्ये ५-६ ऑगस्टच्या रात्री झाली तेव्हा दोनशेच्या वर माणसं गेली होती. जूनचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा मधला काळ मला जास्त बरा वाटतो. पण तिकीट काढायच्या आधी गाईडमार्फत मार्खा आणि हांकरला विचारून घ्या की काढणी कधी आहे आणि कोणत्या आठवड्यात सात-सात माणसं ठेवणं त्यांना जमतंय, ते सांगतील त्याप्रमाणं रजा टाका. दोन आठवडे कुणाकुणाला जमतंय ती नावं कळवा, मग दोन्ही गटांचा दिवसावार प्लॅन बसवून देतो.